सातवा ठिपका

किस्से कामातनं तयार होत नाहीत, थांबण्यातनं होतात. आणि आमच्या लॅबमध्ये थांबणं हेच काम होतं. यंत्र, म्हणजे क्वांटम संगणक, साता समुद्रापार, त्याच्या रांगेत जगभरची माणसं, आणि रांगेच्या शेपटीला सोलापूरच्या एका कॉलेजातली आमची दोन टेबलं. सकाळी आपल्या गणिताचा जॉब टाकायचा, स्क्रीनवर आपला नंबर बघायचा. चारशे बारा. चहा पिऊन यायचं. चारशे नऊ! एवढ्या वेळात माणूस दुसरं काय साठवणार? बाकीच्यांनी पदव्या साठवल्या. मी पीएचडी अर्ध्यात टाकून बाहेर पडलो, तेव्हा माझ्या वाट्याला हे किस्सेच आले.

माणसं फार नाहीत. देशमाने सर, विभागप्रमुख, माझे आणि श्रीदेवीचे गाइड. श्रीदेवी, माझ्याहून वर्षभर सीनियर आणि हुशारीत मोजमाप नाही. कलशेट्टी मामा, शिपाई, दुधनीचे. मामा सल्ले मराठीत द्यायचे आणि शिव्या कानडीत. शिव्या कळत नसल्या तरी जास्त उपयोगाच्या त्याच वाटायच्या.

०००

खंडेनवमीला सोलापुरात जो तो आपापल्या हत्याराची पूजा करतो. मागवाला मागाची, रिक्षावाला रिक्षाची. सर म्हणाले, "आपण क्वांटम संगणकाची करायची."

"सर, तो इथं नाहीये," श्रीदेवी म्हणाली.

"भाव महत्त्वाचा!"

भाव होता, पण हार घालायचा कशाला? सरांनी विचार केला आणि टेबलावरच्या वायफायच्या डब्याला घातला. त्यातनंच तर आपण तिकडं जातो! हळद झाली, कुंकू झालं, उदबत्ती झाली. मग सरांनी त्याच टेबलाच्या कडेवर नारळ आपटला. पाणी थेट डब्यात. हिरवे दिवे एकदम सगळे लागले, मग एकही लागला नाही.

आम्हाला यंत्राची महिन्याला ठरलेली थोडी मिनिटं मिळायची. त्या महिन्याची त्याच आठवड्यात होती. इंटरनेट येईपर्यंत ती संपली. श्रीदेवीनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक महिना खोडला.

मामा फरशी पुसत म्हणाले, "सर, देव तिकडं परदेशात आन् नारळ तुमी हितं फोडलाव. पोचणार कसा?"

०००

काम काय होतं ते एकदा सांगून टाकतो. अणूच्या पोटात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एकमेकांना चिकटून बसलेले असतात. त्यांचा एकमेकांवर जोर एवढा, की एकाला हलवलं की सगळ्यांचं गणित बदलतं. श्रीदेवी पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगायची, "लग्नाच्या पंगतीत पाहुणे बसवायचेत, आणि प्रत्येकाचा रुसवा बाकी प्रत्येकावर अवलंबून आहे. दोन पाहुणे असले तर जमतं. वीस झाले की साध्या संगणकाला घाम फुटतो. मग असा संगणक घ्यायचा, जो स्वतःच त्या पाहुण्यांसारखा वागतो!" एवढं स्वच्छ मला कुणी सांगितलं नाही. सरांनी तर नाहीच.

लॅबच्या उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष आले होते. सरांनी तासभर भाषण केलं. अध्यक्षांनी एकच प्रश्न विचारला, "यातनं बॉम्ब होतो का हो?"

इथं 'नाही' म्हटलं की विषय संपला. पण पहिल्या रांगेत पत्रकार बसलेला. सर म्हणाले, "भविष्यातल्या शक्यता नाकारता येत नाहीत!"

दुसऱ्या दिवशी बातमी. तिसऱ्या दिवशी दारात हवालदार, हातात वही. लॅबमध्ये मी आणि मामा. हवालदारांनी मामांनाच विचारलं.

"अणू कुटं ठेवलाय?"

"कपाटात," मामा म्हणाले.

"उघडा."

"किल्ली सरांकडं. सर मीटिंगला."

हवालदारांनी कपाटाकडं बघितलं आणि दोन पावलं मागं सरकले. "आत सुरक्षित हाय न्हवं?"

"लई! त्यात गेलेलं आजपातूर भाईर आलेलं न्हाय."

मामा खोटं बोलत नव्हते. त्या कपाटात सर विद्यार्थ्यांचे प्रबंध ठेवायचे. वाचायला म्हणून.

०००

आता माझं पाप.

ड्यूटेरॉन म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन. पंगतीत दोनच पाहुणे, सगळ्यात सोपं केंद्रक. ऊर्जेचा आकडा शून्याच्या खाली आला की केंद्रक बांधलेलं, वर आला की सुटलेलं. ड्यूटेरॉन बांधलेला आहे आणि किती घट्ट, हे जगाला कधीचं माहीत आहे. म्हणजे परीक्षा केंद्रकाची नाही, यंत्राची.

त्याचं गणित मी यंत्रावर चालवलं. आकडा शून्याच्या वर आला. म्हणजे यंत्राच्या मते ड्यूटेरॉन जगात नाहीच! ही यंत्रं लई नाजूक, कुठं खुट्ट झालं की आकडा सरकतो. त्या गोंधळाला नॉइज म्हणतात. तो मोजायचा, समजून घ्यायचा, हेच खरं तर आमचं काम.

सर म्हणाले, "यंत्राला उत्तर माहीत नाही. तुला तर माहीत आहे ना?"

"आहे."

"मग?"

त्या 'मग'वर मी प्रोग्रॅममधली एक ओळ बदलली. एकच. खऱ्या यंत्राचं नाव काढून तिथं सिम्युलेटरचं घातलं. सिम्युलेटर म्हणजे आपल्याच लॅपटॉपवर केलेली यंत्राची नक्कल. नकलेत नॉइज नाही. तिसऱ्या दशांशापर्यंत बरोबर उत्तर आलं, गुळगुळीत आलेख आला. आलेखाखाली 'प्रत्यक्ष क्वांटम यंत्रावर' हे शब्द होते तसेच राहिले.

माझा सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा गोषवारा, आठवड्यात मंजूर झाला.

०००

तो आलेख घेऊन सर पुण्याच्या परिषदेला गेले. मला स्लाइड बदलायला नेलं. भाषण झालं. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला. बारीक आवाजात विचारलं, "नॉइज अजिबातच दिसत नाही. कसा घालवलात?"

सरांनी पाण्याचा घोट घेतला. दुसरा घेतला.

"आमच्या सोलापूरची हवा कोरडी आहे!"

यंत्र अटलांटिकच्या पलीकडं, आणि हवा सोलापूरची! बाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. चहाच्या वेळी त्यांनी मला त्यांचं कार्ड दिलं, "कधी बोलावंसं वाटलं तर." समारोपाला सरांचं नाव घेतलं तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या. मीपण वाजवल्या.

०००

श्रीदेवीचं घर पूर्व भागात. घरात तेलुगू, वडिलांना नान्ना म्हणायचं. नान्ना चादरीच्या कारखान्यात जकार्डचे पत्ते पंच करतात. आधी चौकटीच्या कागदावर नक्षीचा ग्राफ काढायचा, मग पुठ्ठ्याच्या पत्त्यांना त्याबरहुकूम भोकं पाडायची. भोक असलं की ताण्याचा उभा दोरा वर, नसलं की खाली. चादरीवरचा मोर म्हणजे शेवटी भोकंच.

एका दुपारी श्रीदेवी डबा विसरली म्हणून नान्ना तो घेऊन आले. स्क्रीनवर तिचं सर्किट, म्हणजे यंत्राला द्यायचा आराखडा, उघडं होतं. आडव्या रेघा, रेघांवर चौकोन. नान्ना वाकून बघायला लागले.

"हे ग्राफ कुनाचं?"

"माझं, नान्ना."

"ह्या रेघा म्हंजे ताणा का?"

"तसंच समजा."

"किती हाईत?"

"ह्याच्यात दोन."

नान्नांनी जवळनं बघितलं, लांबनं बघितलं. "आमच्याकडं शेकड्यानं असतेत. दोन ताण्यावर काय निघंल गं? नाडी बी निघायची न्हाय!"

मामा हसले, मी हसलो, श्रीदेवी तर टेबलावर डोकं ठेवून हसली. सर आत आले. "काका, तुमच्या चादरीचा आणि ह्याचा काही संबंध नाही. हे सायन्स आहे."

नान्नांनी हात जोडले. मग अगदी साधेपणानं विचारलं, "चूक आली तर ह्याच्यात काय करतेत, सर?"

"आमच्याकडं चूक येत नाही." सरांनी भिंतीवरचा माझा आलेख दाखवला. फ्रेम करून लावला होता.

नान्ना त्या फ्रेमसमोर बराच वेळ उभे राहिले. "मग हे मागावर निघालेलं नसंल," ते म्हणाले. "कागदावरचंच असंल."

ते गेल्यावर सर म्हणाले, "अडाणी माणूस." आमच्या लॅबमध्ये इतकी माणसं येऊन गेली, डिग्र्यांच्या माळा घातलेली. तो आलेख खोटा आहे हे ओळखणारा हा एकटा.

०००

श्रीदेवीनं ट्रायटॉन घेतला होता. एक प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन. आणि तिनं ठरवलं होतं, जे येईल ते खऱ्या यंत्राचं. अकरा सेटिंगं, त्यांचे अकरा ठिपके, एकेका ठिपक्याला महिन्याची सगळी मिनिटं. नारळाचा महिना धरून त्याला वर्ष गेलं.

दहा ठिपके शून्याच्या रेघेच्या वर. सातवा खाली!

सहावा वर, आठवा वर, मध्ये हा एकटा खाली. कुणालाही चूक वाटेल. तिलाही वाटली. तिनं पुन्हा मोजला. दोन महिन्यांनी पुन्हा. दिवाळीत पुन्हा. दरवेळी खालीच.

"चूक असती तर कधी इकडं पडली असती, कधी तिकडं," ती म्हणायची. "दरवेळी त्याच जागी कशी? आणि चूक नसेल तर मग हे काय आहे, सचिन?"

मला काय माहीत! हे एकटीनं ठरवायचं नसतं, त्यासाठीच गाइड असतो. ती सरांकडं गेली.

"सर, सातव्या ठिपक्याचं..."

"तपासणी समिती येतेय. नंतर बघू."

समिती येऊन जेवून गेली. "सर, सातवा ठिपका..."

"गॅदरिंग होऊ दे."

गॅदरिंग झालं. सरांनी नाटकात राजाचं काम केलं. "सर, ते..."

"हे बघ, सचिनचा आलेख समोर आहे. तसा आण."

"सर, तो..." आणि ती थांबली. मी तिथंच उभा होतो. तिला ती ओळ माहीत होती, मीच सांगितली होती. तिनं माझं नाव घेतलं नाही. "सर, तसा यंत्रावर येत नाही."

"एकाच लॅबमधनं एक आलेख गुळगुळीत आणि एक खडबडीत? लोक काय म्हणतील? मुली, मी तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे."

"हो सर. पण ते चूक झाली की उसवतात."

त्या दिवशी तिचा प्रबंध कपाटात गेला. आलेखाचं पान सरांनी उघडलंसुद्धा नव्हतं.

०००

मग मी एक चिठ्ठी लिहिली. दीड पान. ड्यूटेरॉनचा आलेख सिम्युलेटरचा आहे, यंत्राचा नाही, मी बदलला, तुम्ही सांगितलंत. खाली सही. सरांच्या टेबलावर ठेवली.

सरांनी चष्मा लावून सगळी वाचली. लाल पेननं दोन ठिकाणी गोल केला. "शुद्धलेखन सुधार," ते म्हणाले, आणि चिठ्ठी कपाटात ठेवून किल्ली फिरवली.

मी त्याच दिवशी कॉलेज सोडलं. घरी सगळ्यांना सांगितलं, तत्त्वासाठी सोडलं. माझे काका म्हणाले, "तत्त्वाला डिग्री लागत नाही, नोकरीला लागते." काका आयुष्यभर साहेबाच्या मागं फाइल धरून चालले. त्यांना काय सांगायचं!

पण इथं खरं लिहितो. चिठ्ठी मी सरांना दिली. पुण्याच्या त्या बाईंना दिली नाही. कार्ड पाकिटात होतं. अजून आहे.

०००

श्रीदेवीची मुदत मे महिन्याच्या तीस तारखेला संपत होती. वाढवून घेतलेली, शेवटची. साडेपाचच्या आत गाइडची सही घेऊन प्रबंध ऑफिसात गेला पाहिजे, नाहीतर नोंदणी रद्द. एकतीसला सर रिटायर.

तीस तारखेला ती सकाळी दहाला सरांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसली. मांडीवर प्रबंधाची दुसरी प्रत, बाजूला लॅपटॉप. मला कळलं तसा मीपण जाऊन बसलो. बाहेर सोलापूरचं ऊन, आत पंखा नुसता आवाज करतोय. मामा तासातासाला पाणी आणत होते.

सर आत निरोपाचं भाषण लिहीत होते. दार उघडंच होतं.

"कलशेट्टी, 'मी विद्यार्थ्यांसाठी आयुष्य वेचलं' हे वाक्य सुरुवातीला घेऊ का शेवटाला?"

"भाईर एक विद्यार्थी बसलीय, सर. तिलाच इचारा की."

"तिला म्हणावं, आलेख बदलून आण. दोन मिनिटांत सही करतो."

दोन मिनिटं लागलीच नसती. एकच ओळ. ती कुठं आहे हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? चार वाजता मला राहवेना. म्हटलं, "श्रीदेवी, बदल. ऐक माझं. पदवी हातात घे, आणि मग जगाला खरं सांग."

तिनं माझ्याकडं बघितलं. "तू सांगितलंस?"

साडेपाच वाजले.

ऑफिसचं शटर पडल्याचा आवाज आला. सर केबिनला कुलूप लावून आमच्या समोरनं गेले. जाताना म्हणाले, "उद्या कार्यक्रमाला या बरं का!" मामा त्यांच्या पाठीकडं बघून कानडीत काहीतरी बोलले. मोठं वाक्य होतं. मी अर्थ विचारला नाही.

०००

दुसऱ्या दिवशी सत्कार. आमच्याकडं सत्काराला टॉवेल, टोपी, नारळ. आणि माणूस मोठा असला तर चादर. सकाळी श्रीदेवीचा फोन, "नान्ना येतो म्हणतायत. ये तूपण." मला वाटलं पाया पडायला येतायत. राग आला. ह्या पिढीचं हेच! लाथ बसली तरी आधी हार घेऊन हजर.

हॉल भरलेला. स्टेजवर अध्यक्ष, मध्ये सर, समोर माइक. टॉवेलांचा ढीग सरांच्या हनुवटीपर्यंत आला होता. विद्यार्थ्यांसाठी वेचलेलं आयुष्य सुरुवातीलाही येऊन गेलं होतं आणि शेवटालाही.

नान्नांचं नाव पुकारलं. ते कारखान्यातल्याच कपड्यांवर, काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी. मागोमाग श्रीदेवी. नान्नांनी कागद सोडला, चादर झटकली आणि सरांच्या खांद्यांवरनं पुढं सोडली. नवी करकरीत, स्वतः ग्राफ काढून, स्वतः पत्ते पाडून विणून घेतलेली. मोर नाही, कमळ नाही. पांढऱ्यावर एक आडवी काळी रेघ. रेघेच्या वर लाल ठिपके, वेडेवाकडे. खाली एक.

अध्यक्ष पुढं वाकले. "अरे वा! वेगळंच डिझाइन. कसलं म्हणायचं हे?"

"पोरीचं हाय, साहेब," नान्ना म्हणाले. "जसं निघालं तसं ठिवलंय. उसवलं न्हाय."

"सर, हिकडं बघा! हिकडं!" फोटोग्राफर ओरडत होता.

सर त्याच्याकडं बघत नव्हते. मान खाली घालून त्यांनी अंगावरची चादर दोन्ही हातांनी ताणून धरली होती. मग एक हात सोडला आणि ठिपक्यांवर बोट ठेवत निघाले. एक. दोन. तीन. ओठ हलत होते. सहाव्याच्या पुढं बोट रेघेखाली गेलं आणि तिथंच राहिलं. पुन्हा पहिल्यापासनं मोजलं. पुन्हा तिथंच थांबलं.

माइक चालूच होता. सगळ्या हॉलनं ऐकलं.

"अगं श्रीदेवी... हा सातवा खाली कसा आला?"

श्रीदेवीनं चादरीचं खांद्यावरनं घसरलेलं टोक उचललं, सरांच्या खांद्यावर नीट बसवलं.

"सर, काल विचारायचं होतं."